आदर्श पतीची बायको

आमच्या रोहिणखेडात कोणालाही दीपमालाबद्दल विचारा, तो आधी तिच्या नवऱ्याबद्दल सांगेल. जीवनसारखा नवरा मिळायला भाग्य लागतं, बायकोची वेणी घालतो, भाकरी थापतो, लुगडी धुतो, देवमाणूस आहे. आणि सगळं सांगून झाल्यावर आठवलंच तर म्हणेल, "ते बिचारी पडून असते."

मी या गावात जन्मभर अंगणवाडी चालवली. आज जे पारावर बसून मिशा पिळतात त्यातल्या अर्ध्यांची नाकं मी पुसली आहेत, जीवनचंही पुसलं आहे. त्यामुळे मला कोणाची भीड नाही. दीपमाला बिचारी नाही आणि ती पडूनही नव्हती. तिला पाडून ठेवलं होतं. या दोहोंत फरक आहे, आणि तो गावाला कळत नाही म्हणून माझं डोकं फिरतं.

ती लग्न होऊन आली तेव्हा बीटी कपाशी आमच्याकडे नवी होती. झाडं बोंडांनी वाकायची आणि वेचायला हात पुरायचे नाहीत. दीपमालानं वर्षा-दोन वर्षांत बायांची टोळी बांधली. दोन ओळींच्या मधून चालायची, डावा हात डावीकडच्या झाडावर, उजवा उजवीकडच्या, आणि तोंड तिसरीकडंच. कमरेला चादरीची ओटी बांधलेली, त्या झोळात कापूस पडत जायचा आणि वरून शिव्याही पडत जायच्या. सकाळच्या दवात ओला कापूस वेचायला लावणाऱ्या शेतकऱ्याला ती त्याच्याच बांधावर उभी राहून झापायची. मोठमोठे बागायतदार तिला वचकून असत. टोळीतली पंचफुला तर म्हणायची, "दीपाच्या जिभेचं पानी सोडलं तं जिराईत वावर ओलित होईन."

मग सतरा साल आलं. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं बीटीचा सगळा तोरा उतरवला. ज्या कपाशीला फवारणी लागणार नाही म्हणून सांगितलं होतं, तिच्यावर लोक मिळेल ते औषध मारत सुटले. फवारणीची विषबाधा होऊन माणसं दगावल्याच्या बातम्या रोज येत. अशा दिवसांत, ऑक्टोबरच्या उन्हात, वेचता वेचता दीपमालाचे पाय अडले. एका डोळ्यापुढं धुरकट झालं. शेजारच्या शेतात आदल्या दिवशीच पंप फिरला होता. झालं, सगळं गाव एका सुरात म्हणालं की फवारणी लागली.

तालुक्याला नेलं, सलाईन लावलं, आणि काही आठवड्यांनी ती खरंच बरी झाली. बरी झाली म्हणजे निदान बरोबर, हा आमच्याकडचा हिशेब. त्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात डावा पाय लुळा पडला तेव्हा कोणी नागपूरचं नाव काढलं नाही. फवारणी तर नव्हती, मग लकवा ठरला. तिची सासू सुभद्राबाई मायेची बाई, पण तिनं त्या मायेपोटीच घात केला. वैशाखात दारं लावून, घोंगडी पांघरवून, गरम रेतीच्या पुरचुंड्यांनी तिला सकाळ-संध्याकाळ शेकलं. शेक दिला की दीपमालाचे होते तेही पाय जायचे, डोळ्यापुढं अंधार यायचा. अंग निवलं की थोडे परत यायचे. ती ओरडायची, "मामी, शेकू नका, मले जास्त होऊन राह्यलं." सासू म्हणायची की रोग बाहेर निघून राह्यला, म्हणून त्रास होते. मी भिंतीपलीकडं राहते. मी दोनदा जाऊन त्या पुरचुंड्या अंगणात फेकल्या. तिसऱ्यांदा सुभद्राबाईनं आतून कडी लावली.

शेवटी शेकताना पायाचा अंगठा भाजला तेव्हा तिला ते कळलंच नाही, आणि ते पाहून जीवन घाबरला. नागपूरला मेंदूचा फोटो काढला. आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की अंगातल्या नसांवर जे कवच असतं ते शरीर स्वतःच कुरतडतं. शेतातल्या मोटारीच्या केबलचं रबर घासलं की करंट कधी पोचतो, कधी नाही, तसं. उष्णता यात वैरी. गोळ्या कायम, आणि गोळ्यांइतकाच जरुरीचा व्यायाम, तोही शिकलेल्या माणसाच्या देखरेखीखाली. मी स्वतः सोबत होते, मी हे सगळं ऐकलं. घरच्यांनी फक्त एक वाक्य ऐकलं, की हा रोग मुळापासून जात नाही.

परत आले आणि ओसरीत बाज टाकली. त्या दिवसापासून जीवन देवमाणूस झाला.

मी त्याला वाईट म्हणत नाही. वाईट असता तर सोपं होतं, चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. तो खरंच राबायचा. पण तिच्या हातात पाण्याचा पेलाही देत नसे, तोंडाला लावायचा. ती उठून बसायला गेली की "राहू दे, मी हाव ना" म्हणून खांदे दाबून झोपवायचा. लोक बघायला येत, आणि त्यांच्यासमोर तर त्याच्या हाताला जास्तच वेग येई. पाहुणे जाताना तिच्याशी नाही, त्याच्याशी बोलून जात. वर्षभरात तिच्या मांड्या माझ्या मनगटाएवढ्या झाल्या. जिभेला मात्र काही झालं नव्हतं. एकदा मला म्हणाली, "बाई, हे मले अशी जपून राह्यले, जशी मी मेली हाव अन् यायले अजून जाळाचं बाकी हाय."

त्याच आठवड्यात मी तिला काखेत धरून, आधार देत खामगावला घेऊन गेले. तिथं नाजिश नावाची नांदुऱ्याची मुलगी व्यायामोपचार करते, असं नागपूरच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. मोताळा, नांदुरा असं करत, दोन बस बदलत, टळटळीत उन्हात आम्ही पोचलो, आणि दवाखाना निघाला पहिल्या मजल्यावर. खाली पाटी, पायांचे आजार, कमरेचे आजार, लकवा. आणि वर जायला अरुंद जिना, त्याला कठडाही एकाच बाजूनं. ज्यानं कोणी ही जागा निवडली त्याला एकदा दोन्ही पाय बांधून त्या जिन्यानं चढवायला हवं. मी खालूनच आरडाओरडा सुरू केला. लोक जमले. वरून एक सडपातळ मुलगी धावत खाली आली, तीच नाजिश. तिनं दीपमालाकडं पाहिलं आणि मला म्हणाली, "बाई, तुम्ही बराबर बोलून राह्यल्या, पण आधी यायले सावलीत घेऊ." खालच्या बंद दुकानापुढं सतरंजी टाकून तिनं तिथंच तपासणी सुरू केली. मानेवर ओला रुमाल ठेवला आणि पंखा मागवला. दवाखान्याचा मालक वरून बघून कपाळाला आठ्या घालून गेला. तिनं लक्ष दिलं नाही.

नाजिशनं पाय वाकवून, दाबून, उचलून पाहिले. मग विचारलं, "ताई, पाय सुधरले तं तुम्हाले काय करायचं हाय?"

मला वाटलं ही म्हणेल, घरात चालायचं आहे, न्हाणीपर्यंत जायचं आहे. दीपमाला म्हणाली, "कापूस वेचायचा हाय. आमच्या वावरात. एक तरी ओळ या टोकापासून त्या टोकालोक."

नाजिश हसली नाही. "आजार जाईन असं मी सांगत नाही," ती म्हणाली, "तो राहीन. पण ओळीचं पाहू. थंडीत. उन्हाळ्यात नाही."

तिथून खरं काम सुरू झालं. पहिल्यांदा नुसतं बाजेवरून उठून उभं राहणं आणि हात न टेकता परत बसणं. आम्ही जाऊ तेव्हा नाजिश हातानं दाखवी, मधल्या दिवसांत घरी करायचं. पण प्रवासातच दीपमाला इतकी दमायची की व्यायामाला अंगात काही उरत नसे. मग कोरोना आला आणि बसच बंद झाल्या. मी म्हटलं, संपलं. नाजिशनं फोन केला, "बाई, तुमच्याकडं मोठा मोबाइल हाय ना? तो माठाले टेकवून ठेवा."

तर असं, रोज उजाडता, ऊन यायच्या आधी, माझ्या ओसरीवर. माठाला टेकलेल्या मोबाइलात नाजिश, आणि भिंतीला धरून दीपमाला. टाच उचला, आता बोटं. एक पाऊल दुसऱ्याच्या पुढं जोडून ठेवा. आता भिंत सोडा. थकायच्या आधी थांबायचं, हा तिचा मोठा नियम, आणि दीपमालाला तोच सगळ्यात जड जाई. जन्मभर थकल्यावरही न थांबणारी बाई ती. "ताई, तुम्ही ऐकत नाही, मले इथून दिसून राह्यलं," फोनातून दटावणी येई. नेट गेलं की चित्र गोठून बसायचं, आणि दीपमाला एका पायावर तशीच उभी राहून नेटवाल्यांचा उद्धार करायची. मी म्हणायचे, कर, तोही व्यायामच आहे.

माझ्या ओसरीसमोर सार्वजनिक नळ. पाण्याला आलेल्या बायांना फुकटचा खेळ मिळाला. पहिल्या महिन्यात म्हणाल्या, "नवरा घरी भाकरी थापून राह्यला अन् हे इथं पाय नाचवते." दुसऱ्या महिन्यात म्हणाल्या, "एवढं करता येते तं बिमार कायची? वेचणीले काऊन येत नाही?" आणि वेचणीला जायचं आहे असं ती म्हणाली तेव्हा त्याच म्हणाल्या, "बिमार बाईले वावरात धाडाची लाज नाही का जीवनले?" एकाच तोंडातून दोन्ही. पडून राहिली तर बिचारी, उठली तर ढोंगी. आजारी माणसानं नेमकं किती उठावं याचं माप या गावात कोणाच्या घरी आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

फोनावर सगळं होत नव्हतं. चालताना दीपमाला डावी कमर उचलून पाय फेकायची, आणि ते नाजिशला दिसत होतं, पण पोटरी किती आखडली आहे ते हात लावल्याशिवाय कळेना. बस सुरू झाल्या तशी तीच एका थंड सकाळी रोहिणखेडला आली. पायाला तेवढ्यासाठी पट्टा करून आणला होता, पंजा खाली लोंबू नये म्हणून. मग तिनं विचारलं की ओटी कशी बांधतात ते दाखवा. दीपमालाच्या कमरेला चादर बांधली, त्यात आधी थोडी आणि मग जास्त सरकी भरली, आणि माझ्या घराच्या भिंतीच्या कडेनं तिला वाकवत, हात पुढं करायला लावत चालवलं. मग जमिनीवर पडायचं कसं आणि उठायचं कसं तेही शिकवलं. गावात दिवसभर तोच विनोद चालला, की पडणं शिकवायला खामगावहून मास्तरीण आली.

जीवन दारात उभा राहून पाहत होता. मला म्हणाला, "बाई, हे पडली तं?"

"पडेल. उठेल. तुझ्यासारखी माणसं अंगणवाडीत रोज पडत होती."

तो हसला नाही. तोंड पाडून आत गेला. तेव्हाच मला समजायला हवं होतं की त्याला भीती तिच्या पडण्याची नाही.

बावीस सालच्या पावसाळ्यात त्यांच्या वावरात कपाशी चांगली आली. दीपमालानं नवऱ्याला सांगून ठेवलं, की पहिली, दुसरी वेचणी तुम्ही करा, पण बांधाकडच्या दोन ओळी मला ठेवा. डिसेंबरात थंडी पडली की मी जाईन. तोही हो म्हणाला. ती त्या दोन ओळींवर जगली, हे मी पाहिलं आहे. व्यायाम करताना हात पुढं करून ती हवेत वेचायची. टोळीच्या बाया येऊन सांगत की झाड एवढं झालं, बोंडं फुटली. तिनं धुतलेली चादर बाजेच्या पायाशी घडी करून ठेवली.

ठरल्या दिवशी सकाळी पट्टा बांधून, काठी घेऊन ती माझ्याकडं आली आणि म्हणाली, चला. वावर गावाला लागूनच. दोनदा थांबत, बसत आम्ही पोचलो. वावर काळंभोर सपाट. ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर आदल्या दिवशीच उभ्या कपाशीवरून फिरला होता. बांधापर्यंत. मातीत फुटलेली बोंडं तशीच चिरडून पडली होती, पांढरी.

ती बांधावर बसली. मीच बोलले, आणि काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. जीवन सायकल टाकून धावत आला. म्हणाला, बोंडअळी राहू नये म्हणून डिसेंबरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, काढून टाका असं कृषीवाले सांगत होते. सांगत होते, खरं आहे. सगळ्या वावरासाठी खरं आहे. पण दोन ओळी वेचायला एक सकाळ लागली असती, आणि ट्रॅक्टर काही पळून जात नव्हता.

"खरं सांगा," दीपमाला म्हणाली. "बोंडअळीचं नका सांगू."

मग त्यानं सांगितलं. मान खाली घालून, पण सांगितलं. "तू वेचाले लागली तं लोकं म्हणतीन हे बिमार नव्हतीच. मंग मी एवढे वर्षं भाकरी थापल्या, ते कायच्यासाठी? मले येड्यात काढतीन."

म्हणजे बघा. तिच्या पायांवर त्याचं देवपण उभं होतं, आणि पाय उभे राहिले की ते पडणार होतं. मला आजपर्यंत पुष्कळ माणसांचा राग आला आहे, दारू पिऊन मारणाऱ्यांचा, पोरींची शाळा सोडवणाऱ्यांचा. पण त्या दिवशी आला तसा राग कधी आला नाही, कारण समोरचा माणूस रडत होता आणि त्याला खरंच वाटत होतं की अन्याय त्याच्यावर झाला. दीपमाला तशीच उठली आणि घरी गेली. महिनाभर ती त्याच्याशी बोलली नाही. व्यायाम मात्र एक दिवस चुकवला नाही. नाजिशला फोनावर एवढंच म्हणाली, "वावर गेलं. पाय हायेत."

जानेवारीत उत्तमराव आले. गावाच्या विकास मंडळाचे अध्यक्ष, पांढरी टोपी, तोंडात सुपारी. सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर झेंडावंदन झाल्यावर जीवनचा 'आदर्श पती' म्हणून सत्कार करायचा मंडळानं ठरवलं होतं. चाकांची खुर्चीही मागवली होती. "सूनबाईले खुर्चीतच आना," ते म्हणाले, "लोकांले दिसलं पाह्यजे."

मी तोंड उघडलं, तर दीपमालानं माझा हात दाबला. "येतो म्हणा," ती म्हणाली. महिनाभरानं नवऱ्यासमोर काढलेला तो पहिला शब्द. जीवनचा चेहरा उजळला. त्याला वाटलं, माफी मिळाली.

त्या सकाळी थंडी चांगली होती. जीवननं नवा सदरा घालून खुर्ची ढकलत तिला शाळेच्या फाटकापर्यंत आणलं. तिथं तिनं पाय खाली टेकले आणि ती उठली. काठी मी दिली. फाटकापासून मंचापर्यंत, सगळ्या गावादेखत, डावा पाय थोडा ओढत, ती चालत गेली. पोरं रांग मोडून पुढं सरकली. नळावरच्या बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. मी मनात म्हटलं, आता बोला.

बोलले ते उत्तमराव. माइक त्यांच्या हातात होता. "पहा मंडळी, नवऱ्याच्या सेवेचं फळ पहा. लंगडी चालाले लागली." टाळ्यांचा कडकडाट झाला. जीवनच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा, शालीसकट. मी ओरडले की माइक तिला द्या. कोणीतरी म्हणालं, "बाई, खाली बसा, कार्यक्रम हाय." नाजिशचं नाव तिथं कोणी काढलंही नाही. आणि जीवन, जो गेल्या महिन्यात रडला होता, तो हात जोडून हसत होता, कारण चालणारी बायकोही त्याच्याच खात्यात जमा झाली होती.

दीपमाला टाळ्या संपायची वाट न पाहता मंचावरून वळली आणि फाटकाबाहेर पडली. मी तिच्या मागं. आमच्या मागून जीवन, शाल सावरत, नारळ काखेत धरून, रिकामी खुर्ची ढकलत. "दीपा, थकशीन, बस ना यात."

"तुम्हीच बसा," ती मागं न बघता म्हणाली. "उभं राहून सत्कार घेतला, पाय दुखत असतीन."

घराची वाट डावीकडं होती. ती उजवीकडं वळली. शाळेच्या कुंपणाला लागून अकीलभाईचं ओलिताचं, विहिरीच्या पाण्यावरचं वावर आहे, तिथं जानेवारीतही पऱ्हाटी उभी होती. दव सुकलं होतं आणि पंचफुला टोळी घेऊन नुकतीच शिरली होती. सव्वीस जानेवारी असो नाहीतर दिवाळी, वेचणीला सुट्टी नसते. दीपमालाला बांधावर पाहून पंचफुला थांबली. मग तिनं स्वतःची ओळ सोडली आणि पलीकडं सरकली.

दीपमालानं कमरेकडं हात नेला. ओटी नव्हती. ती वळली आणि जीवनकडं हात पुढं केला.

"ते शाल द्या."

त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग मागं मैदानाकडं, जिथं उत्तमरावांचं भाषण अजून चालू होतं. "दीपा, ते सत्काराची हाय. लोकं काय म्हणतीन?"

"द्या म्हटलं ना."

त्यानं दिली. तिनं ती जरीची शाल कमरेला गच्च आवळून बांधली, दोन टोकं खोचून झोळ केला, काठी माझ्या हातात दिली, आणि पहिल्या झाडाला हात घातला.